पद्मिनीचं जाम झालेलं हेड कसं उतरवायचं

बाबांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. समुद्राची खारी हवा, चार-चार महिन्यांचा पाऊस, आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं पाणी. ते पाणी मी काढलं तेव्हा चहाच्या रंगाचं झालं होतं. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाचे, सगळे नट सुटले, पण हेड जागचं हललं नाही. शेवटी ते ब्लॉकवरून, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या धडावरून, उचललं गेलं नवव्या दिवशी.

त्या नऊ दिवसांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. पद्मिनीची हेड आता सहज मिळत नाहीत. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, आणि पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. त्या होत्या तोवर सुटे भाग फिरत राहायचे. आज छिन्नीच्या एका चुकीच्या घावाने हेड गेलं, तर दुसरं शोधण्यात वर्ष जाऊ शकतं.

हेड धरून कोण ठेवतं?

आमच्या गाडीचं हेड याआधीही कुणीतरी उघडायचा प्रयत्न केला होता. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यात छिन्नी ठोकल्याची खूण होती. ॲल्युमिनियमवर नखाएवढा खोल खड्डा पडला होता आणि तो खड्डा गॅस्केटच्या (दोघांमधल्या पातळ सीलच्या) बसण्याच्या जागेपर्यंत गेला होता. हेड निघालं नव्हतंच. कुणालाही असंच वाटतं की हेड गॅस्केटला चिकटलंय, म्हणजे सांध्यात पाचर मारली की सुटेल. मलाही तसंच वाटलं होतं. आयुष्यभर टॅक्सींची इंजिनं बांधलेल्या एका वयस्कर मिस्त्रींना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, त्याला खालून कुणी धरलेलं नाही. मधून धरलंय. आधी स्टडकडे बघा.”

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. मूळ घडण इटलीच्या फियाट ११००ची. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ब्लॉकमध्ये बसवलेले पोलादी स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, हेडमधल्या लांब भोकांतून वर येतात. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र, आणि मध्ये खारट किंवा जड पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. स्टड आणि भोक यांच्यामधली पोकळी ती ठासून भरते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. गॅस्केट फार तर कागदासारखं चिकटतं, थोड्या धक्क्याने सुटतं. स्टडभोवतीची ही भुकटी मात्र हेडला ऐंशी-नव्वद मिलिमीटर खोलीपर्यंत आवळून बसलेली असते. सांध्यात कितीही पाचरी मारल्या तरी तिला त्याचं काही नसतं.

जुन्या अँबेसेडरवाल्यांना हा त्रास कमी होतो, कारण तिचं हेडही बिडाचंच. तिथे वेगळी गोष्ट सांभाळायची असते: हेडचे चार नट रॉकरचे (वॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्यांचे) स्टँडही धरून ठेवतात, त्यामुळे रॉकर आधी वेगळा काढायला जाऊ नये, सगळे नट ठरलेल्या क्रमाने एकत्रच सैल करावेत.

नटाला हात लावण्याआधी

पहिले चार दिवस फक्त तेल पाजा. हेड काढायचंय हे ठरलं त्याच दिवशी प्रत्येक नटाभोवती भेदक तेल सोडायला सुरुवात करा, सकाळ-संध्याकाळ. बाजारात तयार डबे मिळतात. मी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरलं. हे दोन्ही एकजीव राहत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवायची. ॲसिटोन पेट्रोलइतकंच भडकतं. शेड उघडी ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको, आणि गरम इंजिनावर ते अजिबात टाकू नका. रॉकेल आणि डिझेलही चालतं, फक्त आत शिरायला जास्त वेळ घेतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑईल सोडा, आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरतंय का बघा. पुढच्या दोन युक्त्या इंजिन फिरण्यावरच अवलंबून आहेत. पिस्टनच जाम असतील तर आधी ते सोडवायला हवेत.

मग पाणी काढा, रेडिएटरमधलं आणि ब्लॉकमधलंही. ब्लॉकचा नळ गाळाने बुजलेला असतो, तारेने टोचून मोकळा करा. पाणी आत राहिलं आणि हेड किंचित जरी उचललं, तर ते सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं.

टाकीकडून पेट्रोल पंपाला येणारी नळी सोडून तिचं तोंड बंद करा. पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. नळी लावलेली राहिली, तर पुढे स्टार्टर मारताना पेट्रोल बाहेर फेकलं जाईल. हे मी विसरलो होतो आणि बॉनेटखाली पेट्रोलचं तळं झालं. सुदैवाने ठिणगी कुठे पडली नाही.

बाकी सुटं करायचं ते नेहमीचंच: वरचा पाण्याचा होज, हीटर असेल तर त्याचे होज, तापमानाच्या काट्याची वायर, कार्ब्युरेटरचे चोक आणि ॲक्सिलरेटरचे दुवे, सायलेन्सरचा पाईप मॅनिफोल्डपासून. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि मोबाईलने फोटो काढा. डिस्ट्रिब्युटर हलवावा लागणार असेल तर रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण आधी करून ठेवा.

नट सोडण्याचा क्रम

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं. गरम असताना नट सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि एकदा वाकलेलं हेड लेथवर घासूनच सरळ होतं.

नट आवळतात मधून बाहेर, आणि सोडतात बाहेरून मध्ये. कोपऱ्यातल्या नटापासून सुरू करा, पाव फेरा सोडा, समोरच्या कोपऱ्यात जा. असे तीन-चार राउंड झाले की मगच मोकळे करा. गोटी (सॉकेट पाना) सहा कोनी वापरा. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. एखादा नट हलत नसेल तर आधी आवळण्याच्या दिशेने किंचित ढकला, “कट्” असा आवाज आला की सोडण्याच्या दिशेने फिरवा. कट् आवाजाऐवजी नट रबरासारखा ओढला जातोय असं हाताला जाणवलं, तर थांबा. स्टड पिळला जातोय. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस.

या टप्प्यावर नट पूर्ण काढू नका. दोन-दोन फेरे सैल करून तसेच राहू द्या.

आणि नट मोजा. मॅन्युअलमधल्या आकृतीत जितके आहेत तितके प्रत्यक्ष सैल झालेत का? “हेड निघत नाही” अशा तक्रारींत काही वेळा कारण एवढंच असतं की काळ्या ऑईलच्या थराखाली एक नट तसाच राहिलेला असतो. खराट्याच्या काडीने खरवडून, रॉकेलने धुऊन, टॉर्च मारून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

इंजिनाच्या स्वतःच्या ताकदीने

सर्वात सौम्य उपाय आधी. रॉकर जागेवर ठेवा, नट दोन फेरे सैल, चारही प्लग लावा. कॉइलची जाड वायर काढून बाजूला ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. आता स्टार्टर मारा, पाच-सहा सेकंद, मग थोडं थांबून पुन्हा. कॉम्प्रेशन हेडला खालून वर ढकलतं. नट वर असल्यामुळे हेड उडून जात नाही, फक्त सांधा सुटतो. नुसतं गॅस्केट चिकटलं असेल तर इथेच काम होतं. “फस्स” असा आवाज येतो आणि सांध्यातून हवा निघायला लागते.

आमच्या गाडीत पाचव्या दिवशी तो आवाज आला, पण हेड वर आलं नाही. गॅस्केट सुटलं होतं, स्टडनी धरून ठेवलं होतं. मिस्त्रींचं म्हणणं तिथे डोळ्यांनी दिसलं.

हा उपाय पुशरॉडच्या इंजिनासाठी आहे, म्हणजे जिथे कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब दांड्यांनी रॉकर हलवतो. कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल आणि टायमिंगची चेन किंवा पट्टा सोडलेला असेल, तर इंजिन फिरवायचंच नाही. पिस्टन वॉल्व्हवर आदळतील. पूजो ४०४, ५०४सारख्या ओल्या लायनरच्या (सुट्या, पाण्याने वेढलेल्या सिलिंडर-नळ्यांच्या) इंजिनांतही हेड सैल करून इंजिन फिरवू नये, लायनर जागचे उचलले जातात.

दोरीची युक्ती

कॉम्प्रेशनची हवा सांध्यातून निसटायला लागली की ती निकामी होते. मग हवेच्या जागी दोरी घालायची.

आधी रॉकर शाफ्ट काढा. पुशरॉड एकेक करून काढताना किंचित फिरवत ओढा, नाहीतर ऑईलने चिकटलेला टॅपेट (पुशरॉडखालचा तुकडा) त्याच्याबरोबर वर येऊन निसटतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, आकडे लिहून, त्याच क्रमाने पुशरॉड खोचून ठेवा. रॉकर निघाल्यावर सगळे वॉल्व्ह बंद राहतात, आणि इथे तेच हवं आहे. वॉल्व्ह उघडा असताना दोरी दाबली तर वॉल्व्ह वाकतो.

चार सिलिंडरच्या या इंजिनात १ आणि ४चे पिस्टन बरोबर वर-खाली होतात, २ आणि ३चे बरोबर. म्हणून दोरी नेहमी जोडीने घालायची. पिस्टन निम्म्याच्या थोडा खाली आणा, १ आणि ४च्या प्लगच्या भोकातून सात-आठ मिमीची मऊ सुती किंवा नायलॉनची दोरी मावेल तेवढी आत सोडा. बाहेरच्या टोकाला गाठ हवी. काथ्याची दोरी नको, तिचे तंतू आत गळतात. आता क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून, नट आवळला जाईल त्याच दिशेने हळू फिरवा. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा दाबला जातो, आणि हेड दोन्ही टोकांना सारख्या जोराने वर ढकललं जातं. स्टार्टर इथे वापरायचा नाही. हाताला जोर कळायला हवा.

ताण बसला की तसाच धरून, दुसऱ्या माणसाने लाकडी ठोकळा ठेवून हेडच्या जाड भागावर हातोडीचे छोटे ठोके मारायचे. पातळ कडा, पाण्याच्या वाटेवरचा भाग आणि मॅनिफोल्डच्या बसण्याची जागा सोडून. आवाज ऐका. घट्ट बसलेलं हेड ठणठणीत वाजतं, सुटायला लागलं की आवाज बद्द होतो. मग दोरी काढून २ आणि ३मध्ये घाला, पुन्हा तेच.

सातव्या दिवशी पुढचं टोक एक मिलिमीटर वर आलं. आनंदाच्या भरात मी तेच टोक ओढत राहिलो असतो तर सगळं बिघडलं असतं. जुन्या कपाटाचा खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसंच हेड स्टडवर तिरकं होऊन जाम होतं. एक टोक वर आलं की ते परत खाली बसवा. हो, ठोकून खाली बसवा. मग तेल सोडा, पुन्हा वर आणा, पुन्हा खाली. प्रत्येक फेरीत थोडी भुकटी दळून तेलाबरोबर बाहेर येते. आमच्याकडे राखाडी चिखल यायला लागला, तेव्हा कळलं की काम योग्य दिशेने चाललंय.

स्टडला गाठा

एव्हाना नट पूर्ण काढून प्रत्येक स्टड वेगळा तपासायची वेळ येते. जे स्टड ब्लॉकमधून फिरवून काढता येतील ते काढून टाका. जितके कमी राहतील तितकं हेड मोकळं. स्टडवर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड सोडा. इथेही पुढे-मागे, पुढे-मागे. त्याआधी नट स्टडच्या टोकाशी बरोबर करून पितळी हातोडीने सरळ खाली दहा-बारा ठोके द्या. नटामुळे आटे वाचतात आणि धक्क्याने भुकटीला तडे जातात. बाजूने ठोकू नका.

उष्णता देताना नीट विचार करा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेडमध्ये स्टडची लांबी ८० मिमी धरली आणि तापमान ७० अंशांनी वाढवलं, तर दोघांच्या लांबीत ०.०६ मिमीचा फरक पडतो. केसाच्या जाडीएवढा. पण हा सरकण्याचा फरक असतो, आणि तो दर वेळी भुकटीला कापतो. म्हणून एकदाच खूप तापवण्यापेक्षा चार-पाच वेळा मध्यम तापवून थंड करणं जास्त उपयोगी. रंग काढायची हॉट एअर गन पुरते. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं की थांबा. निवायला लागलं की साधं भेदक तेल सोडा, आकसताना ते आत ओढलं जातं. ॲसिटोनचं मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच. गॅस वेल्डिंगची ज्योत हेडवर धरू देऊ नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याआधीच, आणि लोखंडासारखा तो लाल होऊन इशारा देत नाही. एका क्षणी तो घन असतो, दुसऱ्या क्षणी गळून पडतो.

आमचे बहुतेक स्टड डबल नटाने निघाले. दोन राहिले, दोन्ही मागच्या बाजूचे.

शेवटचा उपाय: ओढण्याची पट्टी

गावातल्या लेथवाल्याकडून २० मिमी जाडीची पोलादी पट्टी करून घेतली. हेडच्या वर ती आडवी बसते. राहिलेल्या स्टडच्या बरोबर वर तिला आटे पाडलेली भोकं, त्यांत जाड बोल्ट. हेडला जिथे मजबूत आटे आहेत तिथून, म्हणजे रॉकर स्टँडच्या आणि मॅनिफोल्डच्या जागांवरून, लांब बोल्ट आणि अँगलने पट्टी हेडला घट्ट जखडली. प्लगच्या भोकांवर सगळा भार टाकू नका, तिथले ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात. वरचे बोल्ट आवळले की ते स्टडच्या डोक्यावर खाली दाबतात आणि पट्टी हेडला वर ओढते. जोर बरोबर तिथेच पडतो जिथे अडकलंय, आणि सांध्याला कशाचा स्पर्शही होत नाही.

दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा. ताण बसला की आणखी आवळायचा मोह आवरा. तेल सोडा, थोडे ठोके द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. आम्ही आठव्या रात्री ताण देऊन झोपलो. सकाळी दोन्ही बोल्ट बोटांनी फिरले, इतके सैल झाले होते. रात्रीतून हेड स्वतःहून वर सरकलं होतं. मग तासाभरात, कागदाच्या जाडीने वर-खाली करत, ते पूर्ण निघालं.

इतकं करूनही न निघालेल्या स्टडसाठी लेथवाला पातळ पोलादी नळीच्या तोंडाला दात पाडून देतो. ती नळी स्टडवरून घालून हळू फिरवत खाली उतरवायची, म्हणजे भोवतीची भुकटी कोरली जाते. नळी स्टडशी अगदी समांतर राहायला हवी. कलली तर हेडमधली पाण्याची वाट फुटते, म्हणून हे काम ड्रिलच्या घाईने करू नये, हाताने करावं.

हेड हातात आल्यावर

दोघांनी मिळून सरळ वर उचला आणि लाकडी पट्ट्यांवर ठेवा. फरशीवर किंवा सिमेंटवर पालथं घालू नका. सिलिंडरमध्ये स्वच्छ फडकी कोंबा, मगच गॅस्केट खरवडा. हेडच्या बाजूला पोलादी पट्टीऐवजी कठीण लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा.

पोलादी सरळ पट्टी हेडवर लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पानं) घाला. ०.०५ मिमीचं पान सहज जात असेल तर हेड फेसिंगला द्या, आणि लेथवाल्याला सांगा की सपाट होईल तेवढंच घासा. या हेडांना आधीच कितीदा घासलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. दोन वॉल्व्ह सीटच्या मधला भाग आणि पाण्याच्या भोकांच्या कडा भिंगातून पाहा, तडा तिथेच जातो. आमच्या हेडवरचा तो छिन्नीचा खड्डा वेल्डिंगने भरून, मग फेसिंग करून घ्यावा लागला. सगळ्या कामात सर्वांत जास्त खर्च त्या एका खड्ड्यावर झाला.

स्टड नवे घाला. ब्लॉकमधल्या भोकांचे आटे टॅप फिरवून साफ करा आणि तळाशी तेल किंवा पाणी राहू देऊ नका. स्टड आवळताना ते कोंडलं तर बिडाचा ब्लॉक फुटतो. हेडमधली भोकं हाताने रीमर फिरवून स्वच्छ करा. स्टडच्या मधल्या गुळगुळीत भागाला तांब्याचं ग्रीस लावा, वरच्या आट्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेच. टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळा, मधून बाहेर. इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन रात्रभर निवलं की पुन्हा टॉर्क तपासा आणि त्यानंतर टॅपेटची फट लावा.

रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक असलेलं कूलंट, बाटलीवरच्या प्रमाणात. कोकणात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं आमच्याकडेही म्हटलं जायचं. त्यातला गोठण न होऊ देणारा भाग आपल्याला लागत नाही, गंज न होऊ देणारा लागतो, आणि तो भाग दोनेक वर्षांत संपतो. मी रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला, जिथे पुढच्या वेळी उघडणाऱ्याला दिसेल, कूलंट भरल्याची तारीख रंगाने लिहून ठेवली आहे.